नकाशाचा पडताळा : भूगोलाचा विद्यार्थी आणि समुद्रपूर तालुका

नकाशा हे जमिनीविषयी मोजून केलेले विधान असते. अमुक गाव नदीच्या उजव्या तीरावर आहे, अमुक टेकडीचा माथा पायथ्यापासून इतका उंच आहे, या दोन शिवारांची हद्द या नाल्याने जाते, असे नकाशा सांगतो. आणि ते खरे की खोटे हे त्या जागी उभे राहून पाहता येते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशाशी तीन प्रकारे काम पडते. दुसऱ्याने काढलेला नकाशा वाचायचा, स्वतः मोजून नकाशा काढायचा, आणि नकाशावरून प्रदेशाचा अर्थ लावायचा. अभ्यासक्रमात ही तीन वेगवेगळी प्रात्यक्षिके असली तरी ती एकमेकांवाचून पुरी होत नाहीत. ज्याने एकदाही मोजणीची साखळी धरलेली नाही, त्याला छापील नकाशात मोजणी किती आणि अंदाज किती हे उमगत नाही. ज्याने नकाशा हातात घेऊन शिवार पालथे घातलेले नाही, त्याचे अर्थ लावणे पुस्तकी राहते. तिन्हींना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पडताळा. पडताळा शिकण्यासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा तालुका सर्वांत सोयीचा, कारण तिथली वाट, नाला आणि पीक त्याच्या रोजच्या पाहण्यातले असते. वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका या दृष्टीने विशेष उपयोगी आहे.

हिंगणघाटचा वारसा

भारताच्या शास्त्रीय नकाशाचा इतिहास समुद्रपूरच्या अगदी शेजारी येऊन पोचतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. पण देशभराचे बिंदू एका मोजणीत बांधण्याचे काम सुरू झाले ते १८०२ साली, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट इथे. विल्यम लॅम्बटन याने तिथे सुमारे साडेसात मैलांची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. साखळी सुमारे ४०० वेळा पुढे सरकवावी लागली, आणि उन्हाने पोलाद किती वाढते याचाही हिशेब दर वेळी ठेवावा लागला. पुढची सगळी मोजणी या एका रेषेवर उभी राहणार होती, म्हणून एवढी काटेकोर काळजी घ्यायची.

त्यापुढची रीत भूमितीची. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साखळी डोंगरमाथ्यांवरून, देवळांच्या शिखरांवरून आणि मुद्दाम बांधलेल्या मनोऱ्यांवरून उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट मुक्कामी लॅम्बटनचे निधन झाले. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले आणि पुढे मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे मान १८३० साली ठरले, ते ‘एव्हरेस्ट गोलाभ’ या नावाने भारताच्या नकाशांचा आधार बनले आणि पुढे दीड शतकाहून अधिक काळ टिकले.

आडव्या मोजणीला उंचीच्या मोजणीची जोड लागते. नागपूरचा शून्य मैलाचा दगड प्रवासी देशाचा मध्यबिंदू म्हणून पाहतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने त्याशेजारचा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमाण तलचिन्ह स्तंभ पाहावा. त्यावर १९०७ हे साल असून समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या विदर्भात टेकडीची किंवा विहिरीच्या तोंडाची उंची ‘समुद्रसपाटीपासून’ सांगता येते, ती अशा तलचिन्हांच्या जोरावर.

पत्रक आणि त्याची जागा

स्थलनिर्देशक नकाशा हाती आला की प्रथम त्याचा क्रमांक वाचावा. भारत व शेजारील देशांच्या मालिकेत ४ अंश अक्षांश आणि ४ अंश रेखांश अशा प्रत्येक चौकटीला एक क्रमांक आहे. उत्तर अक्षांश २० ते २४ आणि पूर्व रेखांश ७६ ते ८० ही चौकट ५५ क्रमांकाची. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग होतात आणि त्यांना ए ते पी ही अक्षरे वायव्य कोपऱ्यापासून वरून खाली, स्तंभामागून स्तंभ अशी दिलेली असतात. अशा प्रत्येक भागाचे १५ मिनिटांचे पुन्हा सोळा तुकडे होतात आणि त्याच क्रमाने १ ते १६ आकडे घेतात. या शेवटच्या तुकड्याचा नकाशा १:५०,००० प्रमाणावर छापला जातो.

हिंगणघाट ७८ अंश ५१ मिनिटांवर आहे, समुद्रपूर ७९ अंशांच्या किंचित पश्चिमेला. दोन्ही गावे ५५ एल/१४ या पत्रकात येतात. गिरड मात्र ७९ अंशांच्या पूर्वेला असल्यामुळे ते ५५ पी/२ मध्ये जाते. म्हणजे समुद्रपूर आणि गिरड ही एकाच तालुक्यातली दोन गावे एका कागदावर पाहता येत नाहीत. दोन पत्रके कडेला कड लावून जोडावी लागतात. हे जोडकाम स्वतःच एक उत्तम प्रात्यक्षिक आहे. कडेवर तुटलेला रस्ता पलीकडे नेमका कुठे सुरू होतो, समोच्च रेषा तेवढ्याच उंचीची पुढे जाते का, एका पत्रकात दिसणारी वस्ती दुसऱ्याच्या कडेला अर्धीच का आहे, हे पाहताना दोन पत्रकांचे सर्वेक्षण वेगवेगळ्या वर्षी झाले असू शकते ही गोष्ट ध्यानात येते. म्हणून क्रमांकापाठोपाठ समासातले सर्वेक्षणाचे वर्ष वाचावे. नकाशातला वर्तमानकाळ त्या वर्षाचा असतो, वाचणाऱ्याच्या वर्षाचा नव्हे.

प्रशासकीय हद्दींनाही हेच लागू. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १९०६च्या गॅझेटिअरच्या काळात त्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या; आज आठ तालुके आहेत. जुन्या नकाशात समुद्रपूर तालुका सापडला नाही तर तो नकाशाचा दोष नसतो. त्या काळी हा मुलूख हिंगणघाट तहसिलीत मोडत होता.

प्रमाण : काय मावते, काय गळते

१:५०,००० या प्रमाणावर कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. इतके पाठ करून विद्यार्थी थांबला तर प्रमाणाचे मर्म हाती लागत नाही. एक हेक्टरचे चौरस वावर घ्यावे. प्रत्येक बाजू १०० मीटर. या नकाशात ते २ मिलिमीटर बाजूचा ठिपका होते. १:२,५०,००० वर ते ०.४ मिलिमीटरचे, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसण्याजोगे. तेच १:४००० च्या गाव नकाशावर अडीच सेंटिमीटर बाजूचे होते आणि त्यात विहीर, धुरा आणि बांधावरची वाट दाखवायला जागा मिळते.

याच हिशेबाने रस्त्याची रुंदी पाहावी. सात मीटर रुंदीचा डांबरी रस्ता १:५०,००० वर खऱ्या रुंदीने काढायचा तर रेघ ०.१४ मिलिमीटरची होईल. छापील रेघ त्याहून कितीतरी जाड असते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते. म्हणून रस्त्याची रुंदी अशा नकाशावर मोजायची नसते. त्याची दिशा, लांबी आणि दर्जा तेवढा वाचायचा. रस्ता, नाला आणि लोहमार्ग अगदी लगत असले तर चिन्हे एकमेकांवर चढू नयेत म्हणून नकाशाकार त्यांना किंचित बाजूला सारतो. नकाशा लहान करणे म्हणजे निवड करणे आहे, आणि काय ठेवले, काय गाळले हे प्रमाणावरून ओळखता आले पाहिजे.

व्यवहारातली एक बाब प्रात्यक्षिकाच्या वहीत हमखास चुकते. नकाशाची झेरॉक्स लहान-मोठी केली की ‘१:५०,०००’ हे अंकप्रमाण खोटे ठरते, शब्दप्रमाणही खोटे ठरते. रेषाप्रमाण मात्र कागदाबरोबरच लहान-मोठे होत असल्याने खरे राहते. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रत्येक नकाशावर रेषाप्रमाण काढावे ते याच कारणाने.

रंग, चिन्हे आणि पाणी

स्थलनिर्देशक नकाशात पिवळा रंग लागवडीखालच्या जमिनीचा, हिरवा वनाचा, तांबडा वस्त्यांचा आणि रस्त्यांचा, तपकिरी समोच्च रेषांचा, निळा पाण्याचा. यात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ज्या प्रवाहात वर्षभर पाणी नसते त्याचे पात्र काळ्या रेघेने दाखवतात. समुद्रपूरच्या परिसरातले बहुतेक नाले असे काळे. नवखा वाचक त्या काळ्या नागमोडी रेघांना वाट समजतो. वाट आणि कोरडा नाला ओळखण्याची खूण सोपी आहे : नाला समोच्च रेषांच्या खोलगट भागातून उतारानेच जातो आणि त्याला बाजूचे फाटे मिळत जातात, वाट चढ चढते आणि गावापाशी पोचते. काठाजवळ लहान आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असले तर तो आकडा काठ किंवा खड्डा लगतच्या जमिनीपासून किती मीटर उंच वा खोल आहे हे सांगतो. चार मीटर खोल काठाचा कोरडा नाला उन्हाळ्यात बैलगाडीने ओलांडता येतो, पण आषाढात तोच दोन गावांचा संबंध तोडतो. हे नकाशावर कुठेही लिहिलेले नसते; काळ्या रेघेवरून, काठाच्या आकड्यावरून आणि रस्त्यावर पुलाचे चिन्ह नसल्यावरून ते वाचावे लागते.

पाण्याचे मोठे चित्र त्यानंतर उभे राहते. वणा नदी नागपूर जिल्ह्यातून येते, हिंगणघाटवरून पुढे जाऊन वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. समुद्रपूरच्या शिवारात पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराकडे जातो, हे सांगण्यासाठी प्रवाहाची दिशा पत्रकामागून पत्रक लावत जाता येते. दोन प्रवाहांमधला जलविभाजक पेन्सिलीने ओढून पाणलोटाची हद्द काढणे, हे नकाशावाचनातले सर्वांत फलदायी प्रात्यक्षिक आहे. माथा ते पायथा असा जलसंधारणाचा आराखडा याच रेषेवर उभा राहतो.

समोच्च रेषा आणि गिरडची टेकडी

समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडते. १:५०,००० वर दोन रेषांमधले अंतर सामान्यतः २० मीटर उंचीचे असते. कागदावर दोन रेषा ४ मिलिमीटरवर असतील तर जमिनीवर २०० मीटरमागे २० मीटर चढ, म्हणजे दहास एक. त्याच रेषा ४ सेंटिमीटरवर असतील तर दोन किलोमीटरमागे २० मीटर, म्हणजे शंभरास एक. पहिला उतार माती धरून ठेवत नाही. दुसऱ्यावर काळी माती साचते.

गिरडची टेकडी या दृष्टीने नकाशा हातात घेऊन चढण्यासारखी आहे. माथ्यावरच्या बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे ती दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे सुपारी-खारकेसारखे गोटे सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल शापाने दगड झाला, अशी त्यांची लोककथा सांगितली जाते. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटसारखी खनिजे भरली, आणि भोवतीचा खडक झिजल्यावर ती गोट्यांच्या रूपाने मोकळी झाली. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे, याची ती हाताला लागणारी साक्ष. हे स्थलनिर्देशक नकाशावर दिसत नाही. त्यासाठी भूगर्भीय नकाशा त्याच चौकटीत शेजारी ठेवावा लागतो. टेकडीवर उभे राहून खालच्या गावांची दिशा होकायंत्राने घ्यावी, नकाशावर तीच दिशा कोनमापकाने मोजावी आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. मध्य भारतात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फारच थोडा असल्याने चूक निघाली तर ती बहुधा वाचनाची असते.

गाव नकाशा

स्थलनिर्देशक नकाशा भूरूपाचा असतो, गाव नकाशा हक्काचा. त्यात उंची नसते, समोच्च रेषा नसतात. असतात त्या गटांच्या हद्दी, क्रमांक, नाले, गावठाण आणि पांदण रस्ते. विदर्भातल्या शेतकऱ्याला पांदण म्हणजे वावरात जाण्याची वहिवाट. बैलबंडी, ट्रॅक्टर, कापसाची गाडी तिच्यावरूनच जाते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी ती गिळलेली असते, पण गाव नकाशावर ती रेखलेली असते, आणि तंट्यात तोच कागद उघडला जातो. विद्यार्थ्यांनी एका गावाचा नकाशा घेऊन पांदणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे, दर ठरावीक अंतरावर रुंदी फितीने मोजावी आणि नकाशातल्या रुंदीशेजारी लिहावी. वर्गात शिकलेले प्रमाण, सूची आणि हद्द या तीन गोष्टींचा खरा अर्थ त्या चालण्यात कळतो.

गाव नकाशात आणखी एक ठेवा दडलेला असतो : रिठी मौजे. नकाशात नाव आहे, हद्द आहे, महसुली नोंद आहे, पण वस्ती नाही. अशी ओसाड गावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत. जवळची विहीर, पडका पार, जुनी आमराई, नाल्याचे अंतर यांची जागेवर नोंद घेतली तर वसाहतींच्या भूगोलाचा एक स्वतंत्र अभ्यास उभा राहतो.

नकाशा काढणे

नकाशा काढायला शिकण्याचे जुने आणि आजही सर्वांत चांगले साधन प्लेन टेबल. तिवईवर समतल केलेला फलक, त्यावर कागद, आणि दर्शरेखक. मैदानावर दोन बिंदू निवडून त्यांमधले अंतर फितीने मोजायचे आणि प्रमाणात कागदावर घ्यायचे. पहिल्या बिंदूवरून झाड, पाण्याची टाकी, देऊळ यांच्याकडे किरणरेषा ओढायच्या. फलक दुसऱ्या बिंदूवर नेऊन, मागचा बिंदू पाहून दिशा जुळवून, पुन्हा त्याच वस्तूंकडे रेषा ओढायच्या. जिथे रेषा छेदतात तिथे ती वस्तू. मोजले एकच अंतर, बाकी सारे कोनांनी आले. मद्रासपासून सुरू झालेली लॅम्बटनची मोजणी याच तत्त्वाची. तिसऱ्या बिंदूवरून ओढलेली रेषा आधीच्या छेदबिंदूतून गेली नाही, तर तिथे जो लहान त्रिकोण उरतो तो चुकीचे माप दाखवतो. तो खोडायचा नसतो. त्याचे कारण शोधून वहीत लिहायचे असते. नकाशाकाराचा प्रामाणिकपणा इथे घडतो.

वितरणाच्या नकाशांत वेगळी दक्षता लागते. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती आणि क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर. घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २०६. क्षेत्रघनी पद्धतीत संपूर्ण जिल्ह्याला एकच छटा दिली तर वर्धा शहर आणि समुद्रपूरची विरळ शिवारे एकसारखी दिसतात. तालुकावार छटा दिल्या की फरक दिसतो, पण तालुक्याच्या हद्दीवर लोकसंख्या एकदम बदलते असा नवा भास होतो. छटा नेहमी घनतेला किंवा प्रमाणाला द्यावी, निव्वळ संख्येला नको. नाहीतर मोठा तालुका केवळ मोठा असल्यामुळे गडद होतो. टिंब पद्धतीत एका टिंबाचे मूल्य ठरवून टिंबे वस्ती असेल तिथेच द्यावी लागतात; वन, जलाशय, टेकडीचा कडा वगळण्यासाठी शेजारी स्थलनिर्देशक नकाशा लागतो. पावसाच्या समघनी रेषा महसूल मंडळांच्या पर्जन्यनोंदींवरून ओढतात. केंद्रे मोजकी असतील तर रेषा जितकी गुळगुळीत दिसते तितकी ती खरी नसते. पीकविम्याचा प्रश्न मंडळाच्या नोंदीवर ठरतो तेव्हा ही गोष्ट तात्त्विक राहत नाही.

नवी साधने

२००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली नकाशामालिका आणली. ही मालिका डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आधारावर आहे, मोबाइलमधला जीपीएसही तोच आधार वापरतो. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावरची. म्हणून मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश जुन्या पत्रकावर तसेच्या तसे टेकवले तर समुद्रपूर परिसरात शंभर-दोनशे मीटरच्या घरात फरक पडतो, म्हणजे कागदावर दोन ते चार मिलिमीटर. मोबाइल बिघडला किंवा नकाशा चुकला असे समजण्याआधी दोन्हींचा आधार तपासावा.

इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९पासून उपग्रहचित्रे देते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था या दोन्ही नागपुरात, म्हणजे समुद्रपूरपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे तयार करण्यावरची बरीच बंधने उठवली. साधने हाताशी आली, तरी उपग्रहचित्र पीक ओळखते ते त्याच्या रंगछटेवरून. कापूस आणि तूर एकाच वावरात ओळीआड पेरलेली असते तेव्हा छटा फसवते, आणि त्या वावरात जाऊन पाहिल्याखेरीज निर्णय होत नाही.

अर्थ लावण्याचा क्रम

अर्थ लावताना क्रम पाळला तर घाईचे निष्कर्ष टळतात. आधी समास : क्रमांक, वर्ष, प्रमाण, आधार. मग भूरूप आणि पाणी, त्यानंतर वन आणि लागवड, त्यानंतर वस्ती आणि वाटा. शेवटी त्यांचे परस्परसंबंध. समुद्रपूर तालुक्यातल्या जाम इथे नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरकडचा फाटा फुटतो, म्हणून तिथली वस्ती रस्त्यालगत लांबत गेली. जुनी खेडी नाल्याकाठच्या उंचवट्यावर गोळीबंद बसलेली दिसतात. पहिलीचे कारण वाहतूक, दुसरीचे पाणी आणि पुरापासूनची सुरक्षा. असा प्रत्येक संबंध ‘नकाशात दिसते’, ‘नकाशावरून अनुमान निघते’ आणि ‘जागेवर पाहिले’ या तीन रकान्यांत लिहावा. तिसरा रकाना रिकामा असेल तोवर दुसऱ्यातले विधान कच्चे समजावे.

या शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. पांदण मोकळी करायची, नाला खोलीकरण कुठून सुरू करायचे ते ठरवायचे, पुराच्या पट्ट्यात घरकुले बांधू द्यायची की नाही, मोजणीच्या क-प्रतीवर सही करायची, या सगळ्या वेळी गावासमोर एक नकाशा ठेवलेला असतो. ग्रामसभेत तो उलगडून, प्रमाण पाहून, वर्ष विचारून, हद्द बोटाने दाखवणारा एक जाणता माणूस असला तर निर्णय मोजमापावर होतो. समुद्रपूरसारख्या तालुक्यात भूगोल शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे, आणि त्यासाठी लागणारी तयारी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांतून पुरी करून घ्यावी.